दख्खन–रेयूनियों तप्तबिंदूचे भूकंपशास्त्रीय संशोधन

दख्खन–रेयूनियों तप्तबिंदूचे भूकंपशास्त्रीय संशोधन म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खनचे पठार घडले, त्याला वितळवणारी उष्णता पृथ्वीच्या पोटात किती खोलीवरून आली आणि तिचा उगम आज कोठे आहे, याचा भूकंपतरंगांच्या साहाय्याने घेतला जाणारा शोध होय. हिंदी महासागरातील रेयूनियों हे फ्रान्सच्या ताब्यातील बेट आणि महाराष्ट्राचे पठार ही एकाच तप्तबिंदूची अनुक्रमे सर्वांत तरुण आणि सर्वांत मोठी निर्मिती मानली जाते. हे मत व्यापक प्रमाणावर स्वीकारले गेले असले तरी सर्वमान्य नाही. त्यावरचा वाद मुख्यतः खोल प्रावरणाचे चित्र कितपत स्पष्ट दिसते, या प्रश्नाभोवती फिरतो.

वर्ध्याचा काळा पाषाण

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे व आसपासच्या भागात जमीन खोदली की वर काळी कापसाची माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण असा क्रम सामान्यतः आढळतो. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. माती आणि मुरूम ही त्याचीच झिजलेली रूपे आहेत. वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टाने व्यापलेला असून येथून पूर्वेकडे गेल्यास त्याची सीमा फार दूर नाही. नागपूरची सीताबर्डीची टेकडी बेसाल्टाची आहे, तर त्याच शहराच्या पूर्व भागात पायाचे जुने रूपांतरित खडक उघडे पडतात. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथील टेकडीवर सापडणारे गोल दगडी गोळे ही या लाव्हाथरांच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट खनिजांची रूपे आहेत. ख्वाजा शेख फरीद यांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे, त्यातील नारळांचे, हे दगड झाले अशी लोककथा तेथे सांगितली जाते.

लाव्हाथरांची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते. महाबळेश्वरच्या परिसरात सह्याद्रीच्या कड्यांत एक किलोमीटरहून अधिक जाडीचे थर डोळ्यांनी पाहता येतात. कोयना परिसरात रासाटी येथे घेतलेल्या वैज्ञानिक छिद्रात बेसाल्टाचा तळ ९३३ मीटरवर लागला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे तो सुमारे ३४० मीटरवर होता. विदर्भाच्या पूर्व कडेला ही चादर आणखी पातळ होते आणि तिच्याखालचे गोंडवन काळातील कोळशाचे थर व लमेटा थर उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे याच लमेटा थरांत डायनोसॉरचे जीवाश्म मिळाले आहेत. आजच्या दख्खन बेसाल्टाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख चौ. किमी आहे. मूळ क्षेत्र याहून बरेच मोठे होते. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ आढळणारा बेसाल्ट हा सुमारे एक हजार किलोमीटर अंतर नदीखोऱ्यांतून वाहत गेलेल्या लाव्हारसाचा असावा, असे मत मांडले गेले आहे.

एवढा लाव्हारस भूवैज्ञानिक दृष्टीने अतिशय अल्प काळात, म्हणजे बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आत, बाहेर पडला. क्रिटेशियस कालखंडाच्या अखेरीस झालेला डायनोसॉरांचा विनाश याच काळातला असल्यामुळे या उद्रेकाच्या कारणाला महाराष्ट्राच्या भूगोलापलीकडेही महत्त्व आहे.

तप्तबिंदूची कल्पना

बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर असतात. हवाई किंवा रेयूनियों यांसारखे काही मात्र कडांपासून दूर, भूपट्टाच्या मध्यभागी आढळतात. कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन ट्युझो विल्सन यांनी १९६३ मध्ये असे सुचवले की, प्रावरणात एका जागी टिकून राहिलेल्या उष्ण ठिकाणावरून भूपट्ट सरकत जातो आणि त्यामुळे ज्वालामुखींची ओळच्या ओळ तयार होते. अमेरिकेचे जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये त्यापुढे जाऊन, ही ठिकाणे खोल प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या स्तंभांची टोके आहेत, अशी मांडणी केली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा स्तंभ वितळलेल्या रसाचा नसतो. तो घन खडकच असतो, पण लाखो वर्षांच्या कालमापनात घट्ट काकवीसारखा वाहतो. भूपृष्ठाखाली सुमारे शंभर-दीडशे किलोमीटरवर आल्यावर दाब कमी झाल्याने त्याचा काही अंश वितळतो.

नव्याने वर चढणाऱ्या स्तंभाचे डोके मोठे व शेपूट बारीक असते, असे प्रयोगशाळेतील द्रवांवरचे प्रयोग दाखवतात. डोके भूपट्टाखाली पसरले की विस्तीर्ण पठारी बेसाल्ट आणि त्यानंतर शेपटीतून येणाऱ्या उष्णतेने बेटांची रांग, असा क्रम अपेक्षित असतो. दख्खन हे डोके व रेयूनियों ही शेपूट, हा विचार यातूनच पुढे आला.

या दोघांमधली साखळी समुद्रतळावर आहे. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांना जोडणारी पाण्याखालील डोंगररांग दक्षिणेकडे जाते. पुढे मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेने ती तोडली असून तिचा उरलेला भाग पलीकडे आफ्रिकेच्या भूपट्टावर मस्कारेन पठार, मॉरिशस आणि रेयूनियों या रूपात आहे. १९८७ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने या रांगेवर छिद्रे घेतली. तेथील बेसाल्टाचे वय मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी वर्षे आणि छागोसजवळ सुमारे ४.९ कोटी वर्षे निघाले. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ८०–९० लाख वर्षांचे आहेत आणि रेयूनियोंवरील पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वारंवार उद्रेक पावतो. दख्खनकडून रेयूनियोंकडे जाताना वय असे क्रमाने घटत जाते.

वर्धा उत्तर गोलार्धात सुमारे २०.७ अंशांवर आणि रेयूनियों दक्षिण गोलार्धात सुमारे २१ अंशांवर आहे. दोघांमधले अंतर ५,३०० किमीच्या घरात भरते. दख्खनचा लाव्हारस थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा जपून ठेवली. १९५० च्या दशकात झालेल्या मोजणीतून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, हे दिसून आले. भूखंडांच्या वहनाचा सिद्धांत अद्याप संशयाने पाहिला जात होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

भूकंपतरंग खोलीचे चित्र कसे देतात

खडकांचे वय आणि त्यांची जागा यांवरून तप्तबिंदूचा मार्ग कळतो, खोली कळत नाही. प्रावरण सुमारे २,८९० किमी खोलीपर्यंत जाते आणि माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्रही १३ किमीपर्यंत पोहोचलेले नाही. इतक्या खोलीची माहिती घेऊन येणारी मुख्य गोष्ट म्हणजे मोठ्या भूकंपांचे तरंग. या शास्त्राच्या पायाभरणीत भारताचा वाटा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय असे तीन प्रकारचे तरंग वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला.

प्राथमिक तरंगाचा वेग प्रावरणाच्या वरच्या भागात सेकंदाला सुमारे ८ किमी आणि दुय्यम तरंगाचा सुमारे ४.५ किमी असतो. खडक तापला की तो किंचित मऊ होतो आणि तरंग मंदावतात. उष्ण स्तंभ आसपासच्या प्रावरणापेक्षा २०० ते ३०० अंश सेल्सिअसने अधिक तप्त असावा, असा अंदाज आहे. त्यामुळे वेगात पडणारा फरक थोड्या टक्क्यांचाच असतो. २०० किमी जाडीचा खडक पार करण्यास दुय्यम तरंगाला सुमारे ४४ सेकंद लागतात. वेग दोन टक्क्यांनी घटला तर त्यास एक सेकंदाहूनही थोडा कमी उशीर होतो. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या तरंगातील हा एवढासा उशीर मोजणे, हे या शास्त्राचे मूळ काम आहे.

एका तरंगावरून उशीर कोठे झाला ते सांगता येत नाही, कारण तो मार्गात कोठेही झालेला असू शकतो. वेगवेगळ्या दिशांनी आलेले हजारो तरंग एकमेकांना छेदतात तेव्हा मात्र मंद भागाची जागा ठरवता येते. रुग्णालयातील सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांनी हेच केले जाते. म्हणून या पद्धतीला भूकंपीय टोमोग्राफी म्हणतात. जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञ केइइती आकी आणि पोलिश-अमेरिकी शास्त्रज्ञ ॲडम झिवॉन्स्की यांनी १९७० च्या दशकात तिचा पाया घातला. फरक इतकाच की, सीटी स्कॅनमध्ये किरणांचा उगम हवा तेथे ठेवता येतो. भूकंप कोठे व्हावा हे ठरवता येत नाही आणि समुद्रावर मापकही सहज बसवता येत नाहीत. बहुतेक तप्तबिंदू महासागरांत असल्याने ही अडचण नेमकी हव्या त्या ठिकाणी सर्वांत मोठी ठरते.

बारीक स्तंभ शोधण्यात आणखी एक अडचण आहे. प्रवाहातील लहान दगडाला वळसा घालून पाणी पुढे पुन्हा एकत्र येते आणि काही अंतरावर दगडाची खूणही राहत नाही. तसाच लांब तरंग बारीक मंद भागाला बाजूने वळसा घालतो व उशीर अंशतः भरून निघतो. त्यामुळे जुन्या गणितात खोल स्तंभ दिसलाच नाही तर तो नाही म्हणून की दिसू शकला नाही म्हणून, हे सांगता येत नसे. तरंगाला बारीक रेषा न मानता त्याच्या लांबीनुसार रुंद पट्टा मानणारी गणिते २००० नंतर वापरात आली आणि २०१५ मध्ये स्कॉट फ्रेंच व बार्बरा रोमानोविच यांनी संपूर्ण तरंगाकृतीच संगणकावर जुळवून अनेक प्रमुख तप्तबिंदूंखाली गाभ्याच्या सीमेपर्यंत जाणारे मंदवेगी स्तंभ दाखवले. हे स्तंभ प्रयोगशाळेतील बारीक शेपटीपेक्षा कितीतरी रुंद, म्हणजे सहाशे-आठशे किलोमीटरचे निघाले. सिद्धांताशी हा मेळ पूर्ण बसत नाही. केवळ उष्णता नव्हे तर खडकाची रासायनिक घडणही खोलवर वेगळी असावी, असे स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाते.

खोलीचा अंदाज घेण्याची दुसरी वाट प्रावरणातील दोन सीमांवरून जाते. सुमारे ४१० आणि ६६० किमी खोलीवर दाबामुळे ऑलिव्हीन खनिजाची अणुरचना बदलते. तेथे प्राथमिक तरंगाचा थोडा अंश दुय्यम तरंगात रूपांतरित होऊन मागाहून पोहोचतो. उष्ण जागी वरची सीमा खाली सरकते, खालची वर येते आणि मधला थर पातळ होतो. दोन्ही सीमा अशा हललेल्या दिसल्या तर उष्णता निदान ६६० किमीखालून येत आहे, असे म्हणता येते.

रेयूनियोंभोवतीची मोहीम

रेयूनियोंसाठी हे सर्व एकत्र वापरण्याची संधी रम-रम या फ्रेंच-जर्मन मोहिमेने दिली. तिचे नेतृत्व गिलेम बारुओल आणि कारिन सिग्लोख यांच्याकडे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘मारियों द्युफ्रेन’ या फ्रेंच जहाजावरून ५७ भूकंपमापक सुमारे दोन हजार किलोमीटर लांबी-रुंदीच्या समुद्रक्षेत्रात तळाशी सोडण्यात आले आणि २०१३ च्या अखेरीस ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने ते परत उचलले. त्याच काळात रेयूनियों, मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स आणि आसपासच्या लहान बेटांवरील मापकही चालू होते. समुद्रतळावरचा मापक दोन ते पाच किलोमीटर पाण्याखाली एकटाच असतो. त्याची नोंद वर आल्याशिवाय वाचता येत नाही आणि तो बिघडला तर ते वर्षभराने कळते. या मापकांनी जहाजांच्या यंत्रांचा आवाज आणि देवमाशांच्या हाकाही टिपल्या. पुढे त्यांवरही स्वतंत्र अभ्यास झाला.

मोहिमेचा पहिला मोठा निष्कर्ष वरच्या भागाविषयी होता. पृष्ठीय तरंगांवरून शिलावरणाखालच्या मऊ थरात रेयूनियोंपासून पूर्वेकडे, मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेपर्यंत, मंदवेगी पट्टा गेलेला दिसला. दुय्यम तरंग खडकातून जाताना स्फटिकांच्या रांगेनुसार दोन भागांत विभागला जातो. त्या विभाजनाची दिशाही या पट्ट्याशी जुळली. स्तंभातून आलेले द्रव्य बेटाखाली न थांबता आडवे वाहत पर्वतरांगेला जाऊन मिळते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशा प्रवाहाची कल्पना मॉर्गन यांनी १९७८ मध्येच मांडली होती.

२०२१ मध्ये मारिया त्सेखमिस्त्रेंको, सिग्लोख, कसरा हुसैनी आणि बारुओल यांनी गाभ्यापासून भूपृष्ठापर्यंतचे चित्र प्रसिद्ध केले. त्यात सरळ उभा स्तंभ नाही, झाडासारखी रचना आहे. दक्षिण आफ्रिका व लगतच्या महासागराखाली गाभ्यालगत एक प्रचंड मंदवेगी प्रदेश आहे. जगात असे दोन प्रदेश असून दुसरा प्रशांत महासागराखाली आहे. आफ्रिकेखालच्या या प्रदेशातून एक जाड बुंधा वर येतो आणि सुमारे १,५०० ते १,००० किमी खोलीच्या टप्प्यात त्याला तिरक्या फांद्या फुटतात. एक फांदी रेयूनियोंकडे, तर दुसऱ्या पूर्व आफ्रिकेकडे जातात. फांद्या तिरक्या का, याचे उत्तर लेखकांनी असे दिले की, द्रव्य सलग धारेने चढत नाही. बुंध्याच्या कडांवरून उष्ण खडकाचे मोठे गोळे एकामागून एक सुटतात व जवळजवळ सरळ वर जातात. बाहेरच्या बाजूचे गोळे आधी सुटलेले असल्याने ते अधिक उंचीवर असतात आणि ओळ तिरकी दिसते. हे स्पष्टीकरण मान्य केल्यास दख्खनच्या उद्रेकामागे असाच एखादा असाधारण मोठा गोळा असला पाहिजे.

दख्खनखाली काय उरले

महाराष्ट्राखाली खणत गेले तर हा स्तंभ सापडणार नाही. भारतीय भूपट्ट त्याच्यावरून पुढे निघून आला. उद्रेकाच्या सुमारास त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक होता. आज तो सुमारे पाच सेंटिमीटर आहे. येथे शोधायचे ते स्तंभाने भूपट्टाच्या बुडाशी ठेवलेले ठसे. १९९९ मध्ये ब्रायन केनेट आणि श्री विद्यंतोरो यांनी खंबातच्या आखाताच्या परिसरात प्रावरणाच्या वरच्या भागात मंदवेगी क्षेत्र असल्याचे दाखवले व ते दख्खनच्या स्तंभाचे अवशेष असावे का, असा प्रश्न उपस्थित केला. त्यांनी तो शीर्षकातही प्रश्नचिन्हासह मांडला, हे योग्यच होते.

२००७ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील आणि जर्मनीतील संशोधकांनी, भारताचे शिलावरण सुमारे १०० किमी जाड असून गोंडवन भूमीच्या इतर तुकड्यांचे १८० ते ३०० किमी आहे, असे तरंगांच्या रूपांतरणावरून दाखवले. उष्ण स्तंभाने भारताचे बूड वितळवून पातळ केले आणि म्हणून तो इतक्या वेगाने उत्तरेकडे धावला, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतर पद्धतींनी दक्षिण भारताच्या जुन्या भूभागाखाली याहून जाड शिलावरण मिळत असल्याने हा आकडा वादग्रस्त राहिला.

बेसाल्टाची चादर स्वतःदेखील अडथळा ठरते. तिच्यात तरंगांचा वेग अधिक असतो आणि तिच्याखालच्या गाळाच्या खडकांत कमी. अपवर्तनाच्या नेहमीच्या पद्धतीत असा झाकलेला मंद थर लक्षात येत नाही. १९७० च्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केळशी–लोणी आणि गुहागर–चोरोची या दोन रेषांवर सुरुंगाच्या साहाय्याने खोल भूकंपीय सर्वेक्षण केले. त्यातून पश्चिम महाराष्ट्रातील भूकवचाची जाडी ३५ ते ४० किमीच्या आसपास असल्याचे कळले.

मतभेद

तप्तबिंदूच्या मांडणीला सर्वांत सातत्याने विरोध करणाऱ्यांत भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील हेतू शेठ यांचा उल्लेख करावा लागतो. दख्खनपासून रेयूनियोंपर्यंत खोल स्तंभाचा मागमूस नाही, असे त्यांनी २००५ मध्ये लिहिले. त्यांच्या मते भारत व सेशेल्स विलग होताना जुन्या खचदऱ्यांखालील तापलेले प्रावरण वर आले, एवढे दख्खनसाठी पुरेसे आहे आणि समुद्रातील रांग ही भूपट्टाला पडलेल्या भेगेची खूण असू शकते. पठाराच्या चुंबकीय अक्षांशात आणि रेयूनियोंच्या आजच्या अक्षांशात काही अंशांचा फरक पडतो. तो स्तंभ स्थिर असल्याच्या मूळ कल्पनेस बाधक आहे. दुसऱ्या बाजूला, राजस्थान-गुजरातमधील दख्खनशी निगडित अल्कधर्मी खडकांत हेलियम-३ चे प्रमाण जास्त आढळल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा खोल प्रावरणाचा निर्देशक मानला जातो. २०२१ चे चित्र आल्यावर रेयूनियोंखाली खोल मूळ आहे, या बाजूचे वजन वाढले. ते मूळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनखालीच होते, हे मात्र आजच्या कोणत्याही तरंगाने थेट दाखवता येत नाही. त्यासाठी भूपट्टांचा भूतकाळातील मार्ग मोजावा लागतो आणि तेथे चुंबकीय नोंदी व समुद्रतळाचे वयच कामास येते.

प्रचलित गैरसमज

कोकणातील उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांचा संबंध अधूनमधून भूमिगत ज्वालामुखीशी जोडला जातो. भेगांतून खोल गेलेले पावसाचे पाणी तापून वर येते, तेव्हा असे झरे होतात. कोयनेच्या भूकंपांचा संबंध जलाशयाशी जोडलेला आहे आणि किल्लारीचा भूकंप पायाच्या जुन्या खडकांतील ताणामुळे झाला. दख्खनच्या पठारातून बाहेर पडणारी भूऔष्णिक ऊर्जा किल्लारीच्या छिद्रात दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट भरली. भूखंडांच्या जुन्या, थंड भागांत सामान्यतः इतकीच असते.